अरुणमामाचं कुंपणाचं गाणं

अरुणमामा गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर होते. सिंगापूरच्या नोव्हेना भागात ज्या क्लिनिकमध्ये मी काम करते तिथल्या खिडकीतून त्याच्या हॉस्पिटलची इमारत दिसते. गेले पाच आठवडे मी रोज जेवणाच्या सुट्टीत रस्ता ओलांडून त्याच्याकडे जात होते, आणि त्या दिवशीही जाऊन आले होते. त्याने अर्धं केळं खाल्लं होतं, इथली केळी दिसायला कशी राजबिंडी आणि चवीला कशी पुठ्ठ्यासारखी, यावर नर्सला एक छोटं भाषण दिलं होतं. परत येऊन मी एका पेशंटची पुढची अपॉइंटमेंट टाइप करत होते तेवढ्यात आईचा फोन आला. "ऋचा, अगं अरुण गेला..." एवढंच म्हणाली. मी "हो" म्हटलं. समोर बसलेल्या आजींना त्यांची तारीख सांगितली, कार्ड दिलं, त्यांनी थँक यू म्हटल्यावर हसलेसुद्धा, आणि मग उठले. त्या "हो"चं मला नंतर फार वाईट वाटलं. पण माझं हे नेहमीचंच. काही मोठं घडलं की माझ्या तोंडून "हो" किंवा "काही नाही" यापलीकडे काही निघत नाही. मामाला ते चांगलं माहीत होतं. इतकं चांगलं की त्याने एकदा त्याचा उपयोग करून घेतला... पण ते पुढे येईल.

अरुणमामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. तिशीत सिंगापूरला आला, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नोकरीची सगळी वर्षं काढली, लग्न केलं नाही, आणि आईबाबांनी सेंगकांगला फ्लॅट घेतला तेव्हा शेजारच्याच ब्लॉकमध्ये त्यानेही घेतला. इथल्या मराठी लोकांना तो गणपतीच्या आरतीला मागच्या रांगेत उभा राहणारा, टाळ्या एका लयीत वाजवणारा, प्रसादाच्या वेळी हळूच निघून जाणारा माणूस म्हणून माहीत होता. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तो कुठे जातो हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. तो इंग्लिश लोकगीतं म्हणायला जायचा. हे ऐकून लोक हसत. एका काकांनी तर त्याला विचारलं होतं, "काय हो, साहेब गेला आणि त्याची गाणी तुमच्याकडे ठेवून गेला का?" मामा म्हणाला, "ही साहेबाची गाणी नाहीत. साहेबाने ज्यांना जमिनीवरून हाकललं त्यांची आहेत."

त्याला हा नाद लावला डेरेकने. डेरेक त्याच्याच बँकेत होता, उत्तर इंग्लंडातल्या एका खेड्यातला, निवृत्त झाल्यावर इथेच राहिलेला. एकदा ऑफिसच्या जेवणात त्याने सहज एक गाणं म्हटलं. वाद्य नाही, काही नाही, नुसता आवाज. मामा सांगायचा, मला वाटलं होतं आता चर्चमधलं काहीतरी ऐकावं लागणार, तर गाणं निघालं एका शेतमजुराचं. पोरांना खायला घालायला मालकाच्या रानातला ससा मारला म्हणून त्याला बोटीत घालून पार ऑस्ट्रेलियाला पाठवतात, आणि शेवटच्या कडव्यात तो म्हणतो की ते रान माझ्या आजोबांच्या वेळी कोणाचंच नव्हतं. बस. ना शाप, ना घोषणा. मामा दुसऱ्या दिवशी डेरेकच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, अशी अजून आहेत का? होती. शेकड्याने होती. गावाच्या सामाईक कुरणांना कुंपणं घातली गेली तेव्हाची, माग बंद पडलेल्या विणकरांची, दारूच्या गुत्त्यातून उचलून जबरदस्तीने आरमारात नेलेल्या पोरांची. "यात कोणी रडत नाही बघ," मामा मला म्हणायचा. "कुठल्या शेताला कधी कुंपण घातलं, कोणाची गुरं कुठे अडली, एवढंच सांगतात. नावानिशी. आणि चाल अशी की पंचवीस माणसांना एकदम म्हणता यावी. कोर्टात ज्यांचं कोणी ऐकलं नाही त्यांनी साक्ष गाण्यात नोंदवून ठेवली."

मी तिथे पहिल्यांदा गेले ती चौदाव्या वर्षी. मी शाळेत कोणाशी बोलत नाही अशी तक्रार बाईंनी केली होती आणि आईने हैराण होऊन मामाला सांगितलं, "हिला कुठेतरी ने रे बाबा, निदान चार माणसांत बसेल." त्याने मला तिथे नेलं. एका जुन्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पियानोचा क्लास होता, तो रविवारी रिकामा असायचा. पंधरा-वीस माणसं गोल करून बसायची. कोणी स्टेजवर जात नसे, स्टेज नव्हतंच. एकाने बसल्या जागी गाणं सुरू करायचं, ध्रुवपद आलं की सगळ्यांनी उचलायचं, मग पुढच्याची पाळी. तिथला एक नियम मामाने मला जिना चढतानाच सांगून ठेवला. ज्याचं गाणं त्याचं. म्हणजे एखादं गाणं एखादा माणूस तिथे वर्षानुवर्षं म्हणत आला असेल तर ते दुसऱ्याने सुरू करायचं नाही, अगदी तो त्या दिवशी आला नसला तरी. ध्रुवपदात कितीही मोठ्याने ओरडा, पण कडवी त्याची. मला हे विचित्र वाटलं. जमीन सगळ्यांची असावी म्हणून गाणारी माणसं गाण्याला मात्र मालक ठेवतात? मी हे अर्थातच मोठ्याने विचारलं नाही. कितीतरी वर्षांनी कळलं की तो मालकीचा नियम नव्हता, जबाबदारीचा होता. तुझं गाणं तू म्हटलं नाहीस तर ते इथे म्हटलंच जाणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

त्या गोलात मिसेस लिम होत्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, हातात सतत कागदी पंखा. त्यांचं लहानपण कांपोंगमध्ये गेलं होतं, म्हणजे पत्र्याच्या छपरांच्या, कोंबड्या-डुकरांच्या जुन्या वस्तीत. ती जमीन सरकारने घेतली आणि त्यांना बाराव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. डेरेकने एकदा फार हळव्या सुरात त्यांना विचारलं की तुम्हाला ही गाणी ऐकून त्या वस्तीची आठवण येत असेल ना. त्या इथल्या लोकांच्या सवयीचं 'लाह' शेपूट लावून म्हणाल्या, "फ्लॅट चांगला, लाह. टॉयलेट आत. माझी आई पहिल्या दिवशी नळ सोडून नुसती बघत बसली." मग पंखा हलवत हलवत म्हणाल्या, "पण कोंबड्यांना कोणी विचारलं नाही." सगळे हसले. त्या स्वतः हसल्या नाहीत. मला त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "नो नीड टु बी शाय, गर्ल. कोरस ओन्ली." आणि मी बारा वर्षं कोरस ओन्लीच राहिले. मामाने मला कधी पुढे ढकललं नाही. बाकीच्यांनी आग्रह केला की तो म्हणायचा, "कोरसलाही माणसं लागतात ना. सगळेच कडवी म्हणायला लागले तर उचलणार कोण?"

मामाचं गाणं कुंपणाचं होतं. त्याला तीन-चार वेगवेगळी नावं आहेत म्हणे, आम्ही त्याला कुंपणाचंच म्हणायचो. एका बाईचं घर आहे आणि ओढा आहे, मधे मोकळं माळरान. पहिल्या कडव्यात ती सरळ चालत पाण्याला जाते. दुसऱ्या कडव्यात एक कुंपण येतं, तिला वळसा पडतो. तिसऱ्यात दोन. असं करत सातव्या कडव्यात ती सकाळी निघते ती दुपारी पाण्यापाशी पोचते, आणि ध्रुवपद मात्र सातही वेळा तेच, वाट आधीची आहे, मालक नंतरचा. मराठीत मी सांगतेय ते मामाने केलेलं. तो हे गाणं डोळे उघडे ठेवून म्हणायचा, समोरच्या भिंतीकडे बघत, जणू तिथे काही मोजायचं आहे. आवाज काही फार चांगला नव्हता. पण सातव्या कडव्याला तो इतका संथ व्हायचा की ऐकणाऱ्याचे पाय दुखावेत.

डेरेकने एकदा त्यांच्याकडची गंमत सांगितली होती. तिकडे एखाद्याच्या शेतातून लोकांची पायवाट असेल तर मालकाला ती सहजासहजी बंद करता येत नाही, पण लोकांनी त्या वाटेने चालत राहायला हवं. म्हणून म्हातारी माणसं रविवारी मुद्दाम काठ्या घेऊन निघतात आणि चिखलातून चालून येतात, वाट जिवंत राहावी म्हणून. मामा खुर्चीतून पुढे झुकला. "आमच्याकडे याला एक शब्द आहे," तो म्हणाला, "वहिवाट." डेरेकने तो शब्द दहा वेळा म्हणून बघितला आणि दहाही वेळा वाट लावली. त्या दिवशी घरी येताना एमआरटीच्या गाडीत मामाने मला आमच्या गावच्या माळाबद्दल पहिल्यांदा सांगितलं. सातारच्या बाजूला आमचं आजोळ आहे. गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ, सातबाऱ्यावर पणजोबांपासून आमच्याच घराचं नाव. पण शेळ्या अख्ख्या गावाच्या तिथे चरायच्या आणि वरच्या वाडीची पोरं त्या माळावरून खाली शाळेत यायची. कोणी कोणाला परवानगी विचारली नव्हती आणि कोणी दिलीही नव्हती. "मला हे गाणं का आवडतं ते कळलं का?" मामाने विचारलं. मी नाही अशी मान हलवली. "त्यातला नंतरचा मालक म्हणजे आम्हीच ना गं," तो म्हणाला आणि हसला.

तीन वर्षांपूर्वी गावाहून दिलीपमामाचा फोन आला. हा आईचा आणि मामाचा चुलत भाऊ. माळाचे प्लॉट पाडून शहरातल्या लोकांना बंगल्यांसाठी विकायचे ठरत होते. आईने आपला हिस्सा लग्नानंतरच सोडून दिला होता, त्या वेळच्या बहिणी देत तसा, सहीचा कागद वाचायच्या आधी चहा पिऊन. राहिले दिलीपमामा आणि अरुणमामा. मामाने इथून पॉवर ऑफ अटर्नी पाठवली की काम झालं. मामा आठवडाभर गप्प होता. आईने विचारलं तर म्हणाला, "त्याला नाही कसं म्हणू? बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा चार वर्षं त्यांना कुशीवर कोणी वळवलं? आईच्या शेवटच्या दिवशी कोण होतं? मी काय केलं... फोन केले." आईनेही फोनच केले होते. इथे राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे वाक्य कधी ना कधी भेटतं, आणि ते भेटलं की आपण कशावरही सही करतो.

त्या कागदावर साक्षीदार लागत होते. एक मामाच्या मजल्यावरचे शेजारी. दुसरी मी. वकिलातीत नंबर यायला वेळ होता म्हणून मामाने कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, नजर टाक. मी नजर टाकली. कागद इंग्रजीत होता आणि मला इंग्रजी नीट येतं. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की सदर जमिनीवरून कोणाचाही जाण्यायेण्याचा हक्क किंवा वहिवाट नाही, असे लिहून देणार जाहीर करतो. माझं बोट त्या ओळीवर थांबलं. मला आठवतं, समोरच्या स्क्रीनवर आमच्या आधी दोन नंबर होते. मामा माझ्या बोटाकडे बघत होता. "काय गं?" तो म्हणाला. मी एवढंच विचारायला हवं होतं, मामा, वाटेचं काय? तीन शब्द. नऊ वर्षं मी ज्या ध्रुवपदाला आवाज देत होते त्याचंच साध्या मराठीतलं रूप. "काही नाही," मी म्हटलं. मग आमचा नंबर आला.

पुढच्या महिन्यात गोलात मामाची पाळी आली तेव्हा त्याने हात वर करून घसा दाखवला. पुढच्या महिन्यातही. त्याच्या पुढच्याही. नियमाप्रमाणे ते गाणं दुसरं कोणी सुरू करत नव्हतं, त्यामुळे त्याची पाळी आली की खोलीत नुसता पंख्याचा आवाज यायचा, आणि मग त्याच्या शेजारचा माणूस घाईघाईने आपलं काहीतरी सुरू करायचा. मामा येत मात्र राहिला. इतरांची ध्रुवपदं उचलायचा. मिसेस लिमनी एकदा पंख्याने त्याच्या गुडघ्यावर टकटक करून विचारलं, "तुझा घसा फार दिवस आजारी, आह?" मामा म्हणाला, "हो." मी शेजारी बसून माझ्या बुटांकडे बघत होते. आजार कशाचा आहे हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं.

मग आईच्या एका बालमैत्रिणीने गावाहून फोटो पाठवला. माळाला सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण, अलीकडे दप्तरं घेतलेल्या तीन मुली. खाली तिने लिहिलं होतं, आता पोरी हायवेच्या कडेने फिरून येतात, अर्धा तास जास्त. आईने तो फोटो मामाला दाखवला तेव्हा आम्ही कॉफीशॉपमध्ये होतो. त्याने चष्मा पुसला, फोटो मोठा केला, खांब मोजले. खरंच मोजले, ओठ हलत होते. दुसऱ्या दिवशी त्याने पॉवर ऑफ अटर्नी रद्द करायला टाकली. त्या वेळी मला सोबत नेलं नाही. पुढच्या वर्षभरात तो तीनदा गावी गेला. प्लॉटची खरेदीखतं अजून झाली नव्हती, एवढंच नशीब. दिलीपमामा फोनवर इतक्या मोठ्याने बोलायचा की स्पीकर लावायची गरजच नसे. "दादा, तिकडे तुझा स्वतःचा फ्लॅट नव्व्याण्णव वर्षांच्या करारावरचा. पायाखाली हातभर माती तुझी नाही. आणि इथे येऊन वाटेवरून भांडतोस?" मामा म्हणायचा, "खरं आहे रे तुझं." "मग?" "मग काय, तरी भांडतोय." एकदा दिलीपमामा म्हणाला, "शेळ्यांना इंग्लिश गाणी ऐकवणारेस का?" त्यावर मामा इतका हसला की त्याला खोकला लागला. तो खोकला मग राहिलाच, पण तेव्हा आम्हाला काय माहीत.

शेवटी वाटणी झाली. मोजणीवाले आले तेव्हा मामाने आपला हिस्सा कुठल्याही कोपऱ्यात मागितला नाही. माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पायवाट मधोमध धरून, एक लांबट पट्टा मागितला. त्यात एक बंगला धड बसणार नाही. मोजणीवाल्याने त्याला बाजूला घेऊन समजावलं म्हणे की काका, हा हिस्सा तुम्हाला विकताच येणार नाही. "तेच तर," मामा म्हणाला. तेवढ्या भागातले खांब निघाले. मुली पुन्हा सरळ जायला लागल्या. दिलीपमामाने मामाशी बोलणं टाकलं. मामा सिंगापूरला परतला तेव्हा चार किलोने उतरला होता.

त्या महिन्यात तो पाळी आल्यावर उभा राहिला. आमच्यात कोणी उभं राहत नाही. तो म्हणाला की गायच्या आधी मला काही सांगायचं आहे, आणि त्याने सगळं सांगितलं. ज्या वाटेचं गाणं मी इथे म्हणत होतो तशीच एक वाट मी सही करून बंद केली होती, म्हणाला. डेरेकने विचारलं, तुला कोणी अडवलं नाही का? मामा म्हणाला, "अडवायला तिथे कोणी नव्हतं." माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मी तिथेच होते, त्याच्या डाव्या हाताला, आणि मी दुसऱ्यांदा गप्प बसले. मग तो गायला. पाच कडवी झाली आणि श्वास पुरेना. उरलेली दोन त्याने नुसती बोलून दाखवली आणि ध्रुवपद आम्ही उचललं. मिसेस लिमचा आवाज सगळ्यात वर होता.

हॉस्पिटलमध्ये, तिसऱ्या आठवड्यात कधीतरी, मी एकदाचं म्हटलं. "मामा, वकिलातीत त्या दिवशी... मी ती ओळ वाचली होती."

"माहितीये. बोट थांबलं होतं तुझं."

"मग तू त्यांना असं का सांगितलंस, कोणी नव्हतं म्हणून?"

"ऋचाबाई, तुला साक्षीदार म्हणून का नेलं सांगू? डेरेक घरापासून दहा मिनिटांवर राहतो. एका फोनवर आला असता. पण त्याने विचारलं असतं. तू विचारणार नाहीस हे मला ठाऊक होतं." मग माझा हात ओढून घेत म्हणाला, "तू काही नाही म्हणालीस तेव्हा मला हायसं वाटलं गं. ते वाईट होतं माझं. तुझं नव्हे."

त्याने हे मला मोकळं करायला सांगितलं होतं, पण मला तसं झालं नाही. आपल्या आवडत्या माणसाने आपली निवड आपल्या गप्प बसण्यासाठी केली होती, हे पोटात घेऊन मी रोज रस्ता ओलांडत राहिले. रागावलेही असते, पण तो जेवायचा इतकं थोडं, आणि मी गेले की उशीवर सरकून मला बसायला जागा करायचा.

तो गेल्यावर गोलाचा पहिला रविवार आला तेव्हा आम्ही सगळे जमलो. गोलात त्याची जागा तशीच ठेवली होती. त्याची पाळी आली, पंख्याचा आवाज आला आणि या वेळी कोणी घाई केली नाही. निघताना जिन्यात डेरेक म्हणाला, माणूस गेला की त्याचं गाणं काही दिवस रिकामं राहतं, मग कोणीतरी ते घेतं. तुला हवं असेल तर ते तुझं आहे. मी म्हटलं, अजून नाही. लाजून म्हटलं असं त्याला वाटलं असेल. तसं नव्हतं. त्या गाण्यातली सहा कुंपणं कोणाकोणाच्या संमतीने उभी राहिली हे मला माहीत होतं.

गेल्या शनिवारी मी आणि आई मामाचा फ्लॅट आवरत होतो. कपडे झाले होते, भांड्यांची खोकी भरत होतो. दुपारी चारच्या सुमारास आईच्या फोनवर दिलीपमामाचा फोन आला. आईचे हात ओले म्हणून तिने स्पीकर लावला. तो आधी रडला. खरंच रडला. दादाशी शेवटचं बोललो नाही, म्हणाला, हे आता जन्मभर खाणार मला. आईही रडली. मग नाक ओढून तो म्हणाला, "सुमे, एक सांगायचं होतं. दादाच्या मागे तो पट्टा तुझ्याकडे येणार. तुला काय करायचाय तो? प्लॉटवाले मधे वाट नको म्हणतायत, सगळं अडलंय. तू तिथूनच एक सही करून पाठव."

आई म्हणाली, "बघते रे."

"बघायचं काय त्यात? साधा कागद आहे. ऋचाला घे साक्षीला, मागच्या वेळी तीच होती."

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं जे मामाच्या चेहऱ्यावर आठवडाभर होतं... ज्याने आपल्या आईवडिलांना कुशीवर वळवलं त्याला नाही कसं म्हणायचं. ती "बरं" म्हणायला तोंड उघडत होती, मला ते दिसलं.

"आई, वाटेचं काय?" मी म्हटलं.

आवाज जरा मोठाच निघाला. पलीकडे दिलीपमामा थांबला. "कोण, ऋचा का?"

"हो, दिलीपमामा. मागच्या कागदावर साक्षीदार मीच होते. त्यात लिहिलं होतं की तिथे कोणाची वाट नाही. ते खोटं होतं आणि मला माहीत होतं. पुन्हा मी तशी सही करणार नाही." माझं मराठी मधेच अडखळलं, एक वाक्य इंग्रजीत गेलं, ते मी परत मराठीत आणलं. "आईने काय करायचं ते आई ठरवेल. पण मी तिला आधी विचारणार. आई, तू त्या वाटेने कुठे जायचीस?"

आईने पदराला हात पुसले. तिने सलवार-कमीज घातली होती, पदर नव्हताच, तरी पुसले. "वरच्या वाडीला," ती म्हणाली. "कुसुमकडे. तिच्या घरी चिंचेचं झाड होतं." मग फोनकडे वाकून म्हणाली, "दिलीप, तुझे उपकार मी विसरणार नाही. पण ती वाट राहू दे."

मला वाटलं त्याने फोन ठेवला. मग तो म्हणाला, "एका माणसाचं लग्न न होता त्याच्या मागे इतकी भांडखोर बायकामाणसं राहावीत, कमाल आहे." आणि जरा थांबून, "दादाच्या पट्ट्यात गवत गुडघाभर झालंय. मेल्या शेळ्या तिथून हलत नाहीत." त्यात राग किती आणि काय काय ते मला ओळखता आलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन येईलही त्याचा. आला तर बघू.

आईने फोन बंद केला आणि मामाच्या खुर्चीत बसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उभी आहे, खिडकीपाशी, एक हात गजावर. गावचा फोन आला की मामा बसून बोलायचा नाही. जेवत असला तरी ताट सरकवून उठायचा, याच खिडकीपाशी यायचा आणि बोलणं संपेपर्यंत उभा राहायचा. फोन कसलाही असो, भांडणाचा, बारशाचा. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"बस आता," आई म्हणाली.

मी बसले नाही लगेच. खाली दोन ब्लॉकच्या मधल्या हिरवळीत माणसं संध्याकाळची फिरायला निघाली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत तशीच उभी राहिले.